सासूबाईंच्या मागे राहिलेले भरले घर कसे रिकामे करावे?

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्वी तालुक्यातील एका गावात सासरचे जुने मातीचे घर आहे. सासूबाई गेल्या दिवाळीच्या आधी वारल्या. सासरे आता मुलाकडे नागपूरला असतात, पण महिन्यातून दोनदा गावी येतात. घरात तीन पिढ्यांचे सामान आहे आणि पावसाळ्याच्या आधी ते गरजूंना देऊन टाकावे, अशी सुनेची इच्छा आहे. त्यांनी कपड्यांची दोन गाठोडी गावातल्या एका घरी नेऊन दिली, तेव्हा दुसऱ्या दिवशी ती फाटकापाशी परत आणून ठेवलेली सापडली. पाणी भरायच्या एका पितळी गुंडावरून नणंदेशी बोलाचाली झाली. सासरे तर बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, मोडक्या चाकालाही हात लावू देत नाहीत. अशा वेळी सुरुवात कोठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतील खेड्यांमध्ये अशी घरे उकलण्याच्या कामात मी गेली १९ वर्षे आहे. त्याआधी महिला बचत गटांचे काम करीत होते, त्यामुळे कोणाच्या घरी काय आहे आणि कोणाला कशाची नड आहे, हे न विचारताही कळत गेले. परत आलेल्या गाठोड्यांपासूनच सुरू करते, कारण बाकीच्या दोन्ही अडचणींचे मूळही मला तेथेच दिसते.

शहरात जुना कपडा देणारा आणि तो वापरणारा एकमेकांना सहसा ओळखत नाहीत. तीनशे उंबऱ्यांच्या गावात तसे होत नाही. तुमच्या सासूबाईंचे हिरव्या काठांचे पातळ सगळ्या गावाने पंधरा वर्षे पाहिलेले असते, आणि ते नेसून दुसरी बाई निंदणाला गेली, तर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलेल्या प्रत्येकीला ते कोणाचे हे ठाऊक असते. त्यातही ते वारलेल्या माणसाचे. मृताचे कपडे, अंथरूण आणि घरातले उतरलेले-पातरलेले ठरावीक घरांनीच उचलायचे, असा रिवाज आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या होता आणि ती घरे कोणती, हे जातीने ठरत असे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिळेपाके आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या असंख्य घरांनी हे जुने ओझे उतरवून टाकले. तुमच्या मनात यातले काहीही नव्हते, हे मी समजू शकते; परंतु बांधलेले गाठोडे न विचारता दारात नेऊन ठेवण्याला या गावांत एक इतिहास आहे, आणि घेणाऱ्याला तो देणाऱ्यापेक्षा अधिक चांगला आठवतो. त्या घराने गाठोडी परत केली, यात तुमचा अपमान नाही. त्यांनी न भांडता स्वतःचा तेवढा टाळला.

हे मलाही एकदम उमजलेले नाही. कामाच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी एका टेम्पोभर कपड्यांसह मेळघाटातल्या एका गावी गेले होते. नागपूर-अमरावतीच्या घरांतून गोळा केलेल्या शिफॉनच्या साड्या, लग्नातले कोट, कॉलेजच्या मुलांच्या जीन्स असे ते सामान होते. आम्ही शाळेच्या ओट्यावर ढीग घातला आणि हाक दिली. लोक आले, उभे राहिले, मुलांनी थोडे उलथेपालथे केले आणि तासाभरात सगळे निघून गेले. एक म्हातारी कोरकू आदिवासी बाई तेवढी थांबली आणि तिने मला विचारले, की हे सगळे कोणाच्या घरी मावत नव्हते? तिने ते कुत्सितपणे विचारले नव्हते, तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. अर्ध्याहून अधिक माल आम्ही परत आणला, आणि तेव्हापासून कोठेही ढीग घालायचा नाही, असे मी ठरवून टाकले.

त्याऐवजी मी असे करते. वस्तू धुऊन, टाके घालून, बटणे लावून घराच्याच ओसरीवर एकेक मांडते, आणि शेजारच्या चार बायांना सांगते, की अमुक दिवशी दुपारी ओसरी उघडी आहे, पाहून जा. प्रत्येक वस्तूवर दहा किंवा वीस रुपयांची चिठ्ठी असते आणि जमलेले पैसे गावच्याच एखाद्या सार्वजनिक कामाला जातील, हे आधी जाहीर केलेले असते. दहा रुपये मोजणारी बाई कापड उलगडून पाहते, नाक मुरडते, ठेवून देते, दुसरे उचलते. हा नाक मुरडण्याचा अधिकार तिला मिळाला, म्हणजे देणे जमले असे मी समजते. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने साधली: गावाने ठरवून विहीर उपसली, रस्ता नीट केला की त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे द्यायचे. मोठ्या शहरांत नको असलेले कपडे टांगून ठेवायची आणि ज्याला हवे त्याने न्यायची जी ‘माणुसकीची भिंत’ निघाली, ती तालुक्याच्या गावापर्यंत ठीक चालते. खेड्यात मात्र भर चौकात सर्वांच्या देखत खुंटीवरचा कपडा काढून नेण्याची हिंमत कोणाला होत नाही, आणि आठ दिवसांत त्या भिंतीवर फाटक्या गंज्या लोंबू लागतात.

तुमच्या दोन गाठोड्यांचेच घ्या. त्यातले सुती लुगडे आणि पातळे वेगळी काढा. धुऊन मऊ झालेले सुती लुगडे गोधडी शिवणाऱ्या बायांना हवेच असते, कारण आतल्या थरांना नवे कापड चालत नाही, ते टोचते. बाळंतिणीच्या घरी बाळाच्या अंगाखाली घालायलाही जुनेच मऊ कापड शोधतात. पण वारलेल्या माणसाचे आहे हे सांगून द्यावे, कोणी नको म्हटले तर वाईट वाटून घेऊ नये. नायलॉनच्या आणि पॉलिएस्टरच्या साड्या अंगावर नेसायला कोणी घेणार नाही, पण शेताला बांधायला आनंदाने घेईल. रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्या त्रासापायी आपल्याकडे हरभऱ्याच्या, तुरीच्या शेतांना रंगीबेरंगी साड्यांचे कुंपण दिसते, ते तुम्ही एसटीतून पाहिले असेलच. त्यासाठी शेतकरी बाजारातून जुन्या साड्या पैसे देऊन आणतात. एका एकराच्या चारही धुऱ्यांना मिळून सुमारे अडीचशे मीटर लांबी भरते आणि साडी साधारण साडेपाच मीटरची, म्हणजे एकाच ओळीला चाळीस-पन्नास साड्या सहज लागतात. तुमच्या संदुकीत तेवढ्या नसतील, पण जेवढ्या असतील तेवढ्यांना गिऱ्हाईक आहे, आणि त्या घेताना कोणाची मान खाली जात नाही.

आता गुंडाकडे येऊ. सासूबाईंच्या नावे जे काही होते, त्यावर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १५ नुसार मुलगे, मुली आणि पती यांचा बरोबरीचा हक्क असतो. त्यात सून येत नाही. मृत्युपत्र नसेल तर भांड्यांनासुद्धा हेच लागू आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी माहेरच्या वस्तूला हात लागला आणि आपल्याला कोणी विचारले नाही, हे लेकीच्या मनातून जात नाही. तेव्हा पुढच्या खेपेला नणंदेला बोलावून घ्या आणि दोघी मिळून एक काम करा: सगळी पितळी भांडी अंगणात काढा, चिंच लावून घासा आणि त्यांवरची नावे वाचा. गुंडाच्या गळ्याखाली, परातीच्या काठावर, तांब्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली ती अक्षरे राखेने झिजलेली असतात. उजेडात तिरपी धरली की दिसतात. कोणी कोणाला कोणत्या लग्नात आंदण दिले, हे त्यांवर लिहिलेले असते, कधी सालही असते. माझ्या अनुभवात वाटणीचे निम्मे वाद या घासण्यातच मिटतात, कारण भांडे कोणाकडून आले आहे हे भांडेच सांगते. ज्याच्या घरून आले त्या घरातल्या लेकीकडे ते जावे, एवढे ठरवले तरी पुरते. तुमचा वादाचा गुंडही आधी घासून पाहा.

उरलेल्या मोठ्या भांड्यांसाठी, म्हणजे कढया, पराती, मोठे गंज यांसाठी, माझी पहिली पसंती गावातल्या बचत गटाला असते. तेरवी, वास्तू, भंडारा यांसाठी भांडी भाड्याने देणारे गट पुष्कळ गावांत आहेत. भांडे देताना गटाच्या ठराव वहीत नोंद करून घ्या आणि नणंदेचीही सही घ्या. अगदीच काही मोडीत घालायचे असेल, तर तांबे आणि पितळ वेगळे करून, लोखंडी कड्या काढून, आधी एखाद्या धान्य व्यापाऱ्याच्या काट्यावर वजन करून मगच कबाड्याला बोलवा. कबाडी लबाड असतोच असे नाही, पण घाईत असलेले घर त्याला लांबून ओळखू येते.

यापुढचे सांगणे खरे तर पहिल्या दिवसाचे आहे. घरातला एकही कागद रद्दीत जाऊ देऊ नका. संदुकीच्या तळाशी, देवघरामागच्या देवळीत, फोटोच्या फ्रेमच्या मागे, कोठीवरच्या डब्यात कागद असतात. सातबारा आणि फेरफार यांच्या नकला पुन्हा मिळतात. पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल हरवली, तर ती पुन्हा मिळवताना वर्ष जाते. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे पुरावे विचारले जातात, आणि ते नेमके अशाच घरांत असतात. एका घरी मी बिस्किटाच्या डब्यातून १९४० च्या सुमाराचा चार तुकडे झालेला दाखला काढून दिला. डबा गंजलेला म्हणून घरच्यांनी तो कबाड्याच्या पोत्यात टाकलेला होता, आणि त्याच घरातल्या मुलीचा प्रवेश पडताळणीसाठी अडून होता. सगळे कागद एका पिशवीत भरून नागपूरला न्या आणि सावकाश वाचा. मोडी लिपीतले असतील तर वाचता येत नाहीत म्हणून तर मुळीच टाकू नका.

जे कोणालाच द्यायचे नाही, त्याचेही सांगते. कोठ्यात किंवा माळ्यावर फवारणीच्या औषधांचे जुने डबे असणारच. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली, तरी त्याचे अर्धे भरलेले डबे मला अजूनही सापडतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा असा डबा ‘कामात येईल’ म्हणून कोणाला देऊ नका, नाल्यात ओतू नका, जाळू नका. कुलूपबंद ठेवून तालुका कृषी कार्यालयाला लेखी कळवा आणि ते सांगतील तसे करा. रिकामे डबे भोके पाडूनच टाका, नाहीतर कोणीतरी त्यात पाणी भरते. धान्याची कोठी उघडताना दारे-खिडक्या उघड्या ठेवून थोडे थांबा, कारण धान्यात ठेवलेल्या गोळ्यांना ओल लागली की विषारी वायू सुटतो. लाल-गुलाबी रंगाचे जुने बियाणे हे विष चोळलेले असते, ते कोंबड्यांनाही घालू नका. माळ्यावरचे पोते हाताने ओढण्याआधी काठीने हलवा. विंचू आणि मण्यार यांना असली जागा फार आवडते. औषधाच्या जुन्या गोळ्या कोणाला देऊ नयेत, हे सांगायला नको. शेतरक्षणाची भरमार बंदूक घरात निघाली आणि परवानाधारक हयात नसेल, तर ती लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. डब्यासारखा जुना टीव्ही कबाड्याला दिला की तो तांब्यासाठी फोडतो आणि शिसे असलेली काच उकिरड्यावर जाते. नागपूरला येताना तो गाडीत टाकून ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्यावा.

देण्याला काळवेळही असते. खेड्यात वस्तूचा उपयोग ऋतूशी बांधलेला असतो आणि अवेळी दिलेली वस्तू पुन्हा कोणाच्या तरी माळ्यावरच जाते. डवरे, वखराची पास, तिफण या बैलांच्या अवजारांना जूनच्या आधी जागा शोधावी, आणि ती ज्याच्याकडे अजून बैलजोडी आहे अशाच्याच घरी. गोधड्या आणि घोंगड्या वैशाखात देऊन काय उपयोग? त्या धुऊन, वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा आणि मार्गशीर्षात वीटभट्टीवरच्या कुटुंबांना विचारा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे दप्तरे, कंपास, शब्दकोश जूनच्या मध्याला द्यावेत. पुस्तकांची आधी यादी करून ती गावच्या ग्रंथालयाला दाखवा. त्यांच्याकडे आधीच चार प्रती असलेली ग्रामगीता त्यांना पाचवी नको असते. घरात पेटी-चरखा असेल, आणि वर्धा जिल्ह्यात तो पुष्कळ घरांत असतो, तर तो मोडीत घालण्याआधी वर्ध्याच्या मगन संग्रहालयाकडे विचारणा करा. १९३८ मध्ये सुरू झालेले ते ग्रामोद्योगांचेच संग्रहालय आहे. ते घेतीलच असे नाही, आधी विचारावे.

आणि देवळीत कोठेतरी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल असेल. तो कोणाला द्यायचा, हे श्रावणाच्या आधी ठरवू नका. पोळ्याच्या आठवडाभर आधी, ज्या घरात दोन-चार वर्षांचे लेकरू आहे आणि बैल नाही, अशा घरी तो द्या. शिंग मोडले असेल तर गावच्या सुताराकडून बसवून घ्या, चाके तेल घालून फिरती करा, ऑइल पेंटचा एक हात द्या. मागच्या वर्षी अशा एका बैलाला आम्ही शिंगे बसवली, तर ज्या मुलाला तो गेला त्याच्या आजीनेच बोजाऱ्याचे, म्हणजे पोळ्याच्या ओवाळणीचे, पाच रुपये आमच्या हातावर ठेवले. म्हणे रिकाम्या हाताने बैल घेत नसतात.

देवघर तुम्ही दोघींनी ठरवायचे नाही. टाक, म्हणजे देवांच्या धातूच्या प्रतिमा, कोणाकडे जायचे, याचा प्रत्येक कुळाचा रिवाज असतो आणि तो सासऱ्यांना विचारावा.

सासऱ्यांचे आता. सगळ्यात जास्त घाई करून बिघडते ते हेच. घर त्यांचे आहे आणि ते हयात आहेत, त्यामुळे तुम्ही जे करता आहात ते सासूबाईंच्या वस्तूंपुरतेच आहे, असे त्यांना एकदा स्पष्ट सांगा आणि तसेच वागा. त्यांच्या वस्तूंची एक खोली त्यांच्या ताब्यात राहू द्या, किल्लीही त्यांच्याकडेच. ज्या घरांत मुलांनी वडील झोपल्यावर कोठा उपसला, त्या घरांत त्यानंतर वडिलांनी रद्दीचा कपटाही बाहेर जाऊ दिला नाही, हे मी दोनदा पाहिले आहे. उलट पितळ घासायला बसाल तेव्हा त्यांची खाट तेथेच अंगणात टाका. कोणते भांडे कोठून आले, हे त्यांना अक्षरांशिवायही सांगता येईल, आणि तीन-चार भांड्यांनंतर ते स्वतःच म्हणतील, की हे अमक्याच्या घरी देऊन टाका. ते ज्याचे नाव घेतील त्याला ते त्यांच्याच हातून जाऊ द्या. परत आलेली गाठोडी ज्यांच्या दारी गेली होती, त्यांच्याकडे एकदा सासऱ्यांना बरोबर घेऊन नुसतेच चहाला जाऊन या. गाठोड्याचा विषय काढू नका.

बंडीची चाके मात्र कोणाला देऊ नका. ती चार विटांवर ठेवा, खालून उधई लागणार नाही, आणि पावसाच्या आधी वरून एक जुनी ताडपत्री टाका. धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, निघून आली असेल तर ती तारेने जागच्या जागी बांधून ठेवा, आणि तारेचे टोक आत वळवा, म्हणजे अंगणात खेळणाऱ्या पोरांना लागणार नाही.